मागांच्या आवाजातला हिवाळा

तापीच्या काठावर पोंकाचे मांडव लागले की सुरतेत थंडी आली असं समजायचं. एरवी इथली थंडी म्हणजे पहाटे अंगावर चादर ओढावी आणि उन्हं वर आली की ती चादर घडी घालून ठेवावी, एवढीच. पण मांडवांत ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यांत खुपसतात, गरम कणसं फडक्यात गुंडाळून काठीने झोडपतात, दाणे सुपात पाखडतात आणि तो हिरवा, ओलसर, धुराचा वास पुलापर्यंत येतो. वर्षानुवर्षं येतो आहे. यंदाही नातीने हट्ट धरला म्हणून गेले. ती दुकानदाराशी गुजरातीत घासाघीस करत होती, पोंकाबरोबर मिऱ्याची शेव घ्यायची की लिंबाची यावर वाद घालत होती, आणि मी बाकावर बसून त्या धुराकडे पाहत होते. हिरव्या दाण्यांचा घास तोंडात घातला. चांगला गोड होता. या वासाबरोबर दर वर्षी मला एकच हिवाळा आठवतो, आणि तो गोड नव्हता.

आम्ही तेव्हा सुरतेच्या उधना भागात राहत होतो. पत्र्याच्या खोल्यांची लांब रांग, मध्ये गटार, टोकाला नळ, आणि पलीकडे रस्ता ओलांडला की खाती. सुरतेत यंत्रमागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. बँकेतल्या खात्याशी त्याचा काही संबंध नाही. आमच्या रांगेत कुणाचंच बँकेत खातं नव्हतं, पण प्रत्येकाचं ‘आमचं खातं’ मात्र होतं. एका खात्याची भिंत दुसऱ्याला लागलेली, आणि आत उभे माग, दाटीवाटीने, माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट सोडून. खटाखट, खटाखट. दिवसपाळी, रातपाळी. तो आवाज आम्हाला ऐकू येत नसे. तो बंद झाला की मगच कळायचं की तो होता.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, त्या आवाजात उमेदीची सगळी वर्षं उभे राहिले. अमळनेरकडच्या एका खेड्यातून ते तरुणपणी ताप्ती लाइनच्या गाडीने आले. त्या गाडीने खानदेशातून किती माणसं इथे आणून ओतली असतील! गावाकडे लोक म्हणत, उत्तम सुरतेला सावलीत काम करतो. सावलीत, हे खरं होतं. उन्हातून सुटलेल्या माणसाला सावलीची काय किंमत द्यावी लागते, हे गावाला माहीत नव्हतं. आम्हालाही फार उशिरा कळलं.

खात्यात तोंडाने बोलता येत नाही. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून विणकरांनी हातांची बोली केली होती. चिमूट धरून ती ताणून सोडली की धागा तुटला. अंगठा ओठांना लावला की चहा. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ येतो आहे. एक भुवई वर, एक बोट आडवं, एक खांदा उडवलेला, एवढ्यात सगळं काम, थट्टा, भांडण आणि सुखदुःख उरकायचं. नाना घरी आले तरी हात बोलतच राहत. माय भाकरी थापत असली की ते बोटांनी काहीतरी विचारत आणि ती चिडून म्हणे, मी काय माग आहे का, तोंडाने बोला. आम्ही हसायचो. माझा धाकटा भाऊ सुरेश नानांची नक्कल फार छान करायचा.

नाना आधी गाणारे होते. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या रांगेतली माणसं एका ओट्यावर भजनाला बसत, त्यात नानांचा आवाज सगळ्यांच्या वर असे. मग एका वर्षी ते जाईनासे झाले. घसा बसतो म्हणाले. नंतर म्हणाले, थकायला होतं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. खात्यातून आलेला माणूस थकलेलाच असतो.

मायला आधी कळलं. एकदा तिच्या हातून पितळी झाकण पडलं, फरशीवर गरगरत गेलं, आणि नाना पाठ करून विडी ओढत बसले होते ते तसेच बसून राहिले. माय तिथेच उभी राहिली. तिने दुसऱ्यांदा तेच झाकण मुद्दाम पाडलं. नंतर तिने आम्हा दोघांना बाहेर नळाजवळ नेलं आणि सांगितलं, “नानाशी बोलानं ते म्होरे जाईसन बोलानं. मांगथून हाक मारानी नही.” का, ते सांगितलं नाही. सुरेशने विचारलं तेव्हा तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा कुणी विचारलं नाही.

आमच्या घरात अहिराणी बोलत. नाना आमचे ओठ पाहून समजून घेत, आणि ते ओठ त्यांच्या लहानपणापासूनच्या बोलीत हलत असल्यामुळे त्यांचं निभत होतं. खात्यात तर प्रश्नच नव्हता. तिथे सगळेच बहिरे होते. ऐकू येणारा माणूस आणि न येणारा माणूस त्या खटाखटीत एकसारखेच. मला वाटतं, नानांना खात्यात जितकं सुरक्षित वाटत असेल तितकं बाहेर कुठेच वाटत नसेल. रस्ता ओलांडताना ते मान सारखी वळवत. दुकानात बोट दाखवून वस्तू घेत. पण खात्याच्या दारातून आत गेले की त्यांची चाल बदलायची, खांदे सैल पडायचे. ज्या जागेने त्यांचे कान नेले तीच जागा त्यांना लपवून ठेवत होती.

मी हे नुसतं ऐकून सांगत नाही. मॅट्रिकला मी नापास झाले होते आणि त्याच खात्यात बॉबिन भरायला जाऊ लागले होते. बॉबिनचा विभाग मागांच्या बाजूला, मध्ये अर्धी भिंत. आम्ही बायका-मुली चरख्यांपुढे ओळीने बसायचो. समोर चमकणारं आर्ट सिल्कचं, म्हणजे नकली रेशमाचं सूत, गुलाबी, पोपटी, बदामी. दिवसभर ते डोळ्यांसमोरून पळत असे आणि संध्याकाळी डोळे मिटले तरी पळत राही. त्या सुताच्या साड्या कोण नेसतं, हे आम्ही एकमेकींना विचारायचो. आमच्यापैकी कुणाच्या अंगावर तसली साडी कधी आली नाही. मला त्या वयात त्याचा राग आला नव्हता. आता येतो. वय झाल्यावर राग येतो आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही, ही एक नवीनच गोष्ट म्हातारपणी शिकले.

तो बहात्तरचा दुष्काळ होता. गावाकडे पाऊस आलाच नाही. दिवाळी झाल्यावर उधना स्टेशनवर गाडीतून माणसं उतरू लागली. पूर्वीही उतरत, पण ती एकेकटी, कुणाचा तरी पत्ता खिशात घेऊन. या वेळी आख्खी घरं उतरत होती. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, एखाद्याच्या हातात जातं. स्टेशनाबाहेरच्या झाडांखाली चुली पेटल्या. सकाळी खात्यांच्या दारांशी तरुण मुलांचे घोळके उभे राहत, आणि मुकादम कामावर येणाऱ्या विणकरांना त्यांच्याकडे बोट दाखवून काहीबाही बोलत. ते बोट विणकरांना नीट समजे. त्या हिवाळ्यात खात्यात कुणी आजारी पडत नव्हतं, कुणी सुट्टी मागत नव्हतं.

त्याच गाडीने नानांचा भाचा आला. हिरामण. माझ्या आत्याचा मुलगा, नुकतं लग्न झालेला, बरोबर बायको कमल. दोघं दारात उभी राहिली तेव्हा माय पीठ मळत होती. तिने हात न धुताच कमलला जवळ घेतलं. खोली एकच, पण भाचा मामाकडे नाही जाणार तर कुठे जाईल? पडदा म्हणून लुगडं बांधलं आणि आम्ही सगळे त्या एका खोलीत राहू लागलो. हिरामणभाऊ हाडापेराने मोठा, बोलायला कमी. गावाकडच्या माणसाची एक सवय त्याला होती, बोलण्याआधी क्षणभर जमिनीकडे पाहायचा.

आल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला नाना कौतुकाने त्याच्यासाठी पोंक घेऊन आले. आमच्याकडे हुरडा म्हणतात, तोच हा. कागदाचा पुडा उघडून ठेवला. हिरामणभाऊने एक दाणा उचलला, बोटांत फिरवला आणि परत ठेवला. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, “मामा, यंदा आमनाकडे ज्वारीनं कणीसच दखं नही.” नानांना ते ऐकू आलं नाही, कारण तो खाली पाहून बोलला होता. ते हाताने आग्रह करत राहिले, घे, घे. कमलने पदर तोंडाला लावला. मायने पुडा उचलून फळीवर ठेवला आणि भाकरी वाढायला घेतल्या. सुरतेचा तो हिवाळा नेहमीसारखाच भरलेला होता. काठावर पोंकाचे ढीग, बाजारात वांगी, घारी, उंधियू. आणि रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर जनावरं सोडून दिली जात होती. एकाच हंगामात दोन हंगाम राहतात आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत, असं मला त्या पुड्याकडे पाहताना पहिल्यांदा वाटलं.

नानांनी मुकादमाला सांगून हिरामणभाऊला खात्यात घेतलं, शिकाऊ म्हणून, स्वतःच्याच मागांवर. त्याला उभं करून त्याच्या हातावर हात ठेवून ते शिकवत. बॉबिन पोटात घेऊन मागात इकडून तिकडे पळणारा धोटा कसा धरायचा, गाठ कशी मारायची, कापडावर बोट फिरवून चूक कशी शोधायची. हातांची बोलीही त्यांनीच शिकवली. अर्ध्या भिंतीवरून मला ते दोघं दिसत. नाना त्या दिवसांत फार खुशीत होते. एवढं बोलताना मी त्यांना घरी कधी पाहिलं नव्हतं. हात सारखे हलत, हिरामणभाऊ मान डोलवे, चुकला की नाना त्याच्या डोक्यावर टपली मारत. शिकवणाऱ्याच्या अंगात एक वेगळं तेज येतं. पुढे मी पुन्हा परीक्षेला बसले आणि शिक्षिका झाले, तेव्हा वर्गात उभी असताना मला कधीकधी अर्ध्या भिंतीपलीकडचे ते हात आठवायचे.

वीज त्या हिवाळ्यात सारखी जायची. धरणांत पाणी नव्हतं, असं लोक सांगत. वीज गेली की माग एकाएकी थांबत, आणि जी शांतता पसरे ती अंगावर येई. मग माणसांचे आवाज ऐकू येत. आपण ज्याला रोज पाहतो त्याचा आवाज असा आहे होय, असं वाटे. कुणी बाहेर उन्हात जाऊन विडी ओढी, कुणी मागाला टेकून डुलकी घेई. वीज परत आली की मुख्य खटका दाबण्याआधी मुकादम मोठ्याने ओरडे, हात काढा रे. मागात हात असेल त्याने काढावा, म्हणून. ही त्याची रोजची हाक होती.

त्या दिवशी दुपारी वीज गेली. सगळे बाहेर गेले, नाना गेले नाहीत. त्यांच्या एका मागात सूत गुंतलं होतं. ते वाकून, खालून दंडापर्यंत हात घालून ते मोकळं करत होते. मी भरलेल्या बॉबिनची टोपली घेऊन मधल्या दाराशी आले होते. शेठ त्या दिवशी खात्यात आले होते, मुकादमाशी काही बोलत उभे होते. बाहेरचे लोक आत येऊ लागले. दिवे लागले. मुकादमाने हाक दिली, हात काढा रे.

नानांनी हात काढला नाही. मी पाहत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. फुटला असता तरी त्याचा काय उपयोग होता? हिरामणभाऊ दोन मागांपलीकडे होता. तो मामा म्हणून ओरडला आणि ओरडता ओरडताच त्याने झेप घेतली. खटका दाबला गेला, माग हलला, आणि त्याच क्षणी त्याने नानांना मागून कमरेला धरून बाहेर खेचलं. दोघं मधल्या वाटेत पडले. नानांची बाही फाटून मागातच राहिली. कोपरापासून खाली कातडी सोलवटली होती. हात वाचला.

मुकादमाने खटका परत वर केला. माग थांबले. पुन्हा ती शांतता. नाना उठून बसले, मग उभे राहिले, हाताकडे पाहिलं आणि फडक्याने रक्त पुसू लागले. ते आमच्याकडे तोंड करून होते. शेठ चालत त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी हळू आवाजात हाक मारली, उत्तम. मग जरा मोठ्याने. मग आख्खं खातं घुमेल एवढ्या मोठ्याने. नाना खाली मान घालून हात पुसत राहिले.

कुणी हललं नाही. तिथे उभे असलेले बरेच जण आधीपासून जाणून होते. वर्षानुवर्षं त्यांनी नानांना सांभाळून घेतलं होतं, शेठ आले की पुढून खूण केली होती. त्या क्षणी कुणालाच काही करता आलं नाही. नानांनी मान वर केली. त्यांनी आधी आमचे चेहरे पाहिले. एकेका चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरली, माझ्यावर थांबली, आणि मग ते सावकाश मागे वळले.

शेठ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते गुजरातीत, जवळजवळ समजावणीच्या सुरात म्हणाले, “उत्तम, काल थी नहीं आवतो. मारे माथे पाप नथी जोइतुं.” उद्यापासून येऊ नको, माझ्या डोक्यावर पाप नको. नाना त्यांच्या ओठांकडे पाहत होते. गुजराती ओठ त्यांना वाचता येत नव्हते. ते हिरामणभाऊकडे वळले आणि हाताने विचारलं, काय म्हणतात?

हिरामणभाऊ जमिनीकडे पाहत राहिला. नानांनी त्याचा खांदा हलवला, पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने उजवा हात पसरला आणि हळूहळू खाली आणला. खात्यात त्याचा अर्थ माग बंद. आणि मग त्याच हाताने त्याने मामाकडे बोट केलं. नानांनीच त्याला शिकवलेली बोली होती ती. नानांनी मान डोलवली, समजलं अशी. फडकं खांद्यावर टाकलं आणि डबा घ्यायला गेले. ते दारापर्यंत पोचायच्या आत शेठ मुकादमाला म्हणाले की हे माग या भाच्याला दे, हात चपळ आहे त्याचा. आणि खटका दाबला गेला.

शेठचं म्हणणं चूक होतं का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. दुसऱ्या दिवशी खरंच नानांचा हात गेला असता, जीव गेला असता. हात काढा ही हाक ज्याला ऐकू येत नाही त्याला मागावर उभं करणं धोक्याचंच होतं. शेठ नीट बोलले, झाल्या दिवसांचे पैसेही दिले. म्हणूनच ते अजून सलतं. खात्याने कान घेतले आणि कान नाहीत म्हणून खात्याने काढून टाकलं, आणि या दोन्हींमध्ये कुणी वाईट माणूस नव्हता. वाईट माणूस सापडला की निदान त्याला शिव्या देऊन झोप लागते. इथे नुसता एक चालू असलेला आवाज होता, आणि त्या आवाजावर आमच्या चुली पेटत होत्या.

संध्याकाळी हिरामणभाऊ घरात आला नाही. बाहेर ओट्यावर गुडघ्यांत मान घालून बसला. कमलने सांगितलं, ते उद्या जाणार नाहीत म्हणतात, मामाचे माग घेणार नाहीत. स्टेशनाबाहेरच्या झाडांखाली किती माणसं कामासाठी बसली आहेत, हे मायला ठाऊक होतं. नाना हाताला हळद बांधून बसले होते. ते उठून बाहेर गेले, भाच्यापुढे उकिडवे बसले आणि त्याची हनुवटी वर केली, त्याचे ओठ दिसावेत म्हणून. पण त्याने मान पुन्हा खाली घातली. मग नानाच बोलले. आपला आवाज त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे ते नेहमी जरा मोठ्याने बोलत, आणि सगळ्या रांगेला ते ऐकू गेलं. “तू नही लिधात ते दुसरा कोनी लेई. माग काय रिकामा ऱ्हातस का?”

हिरामणभाऊ दुसऱ्या दिवशी गेला. मीही गेले. अर्ध्या भिंतीवरून मी त्या बाजूला पाहायचं टाळत होते, पण बॉबिन मागायला तोच आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

नाना घरी बसणारे नव्हते. ऊसतोडीचा हंगाम चालू होता. दुष्काळी टोळ्या चलथाण, बारडोलीकडे जात होत्या. अशाच एका टोळीबरोबर ते कोयता घेऊन निघून गेले. माय रडली, भांडली. सावलीसाठी आलात ना, आता परत उन्हात चाललात, असं ती त्यांच्या तोंडापुढे जाऊन म्हणाली. ते नीट समजले असावेत, कारण हसले. काही आठवड्यांनी ताप घेऊनच परतले. उसाच्या पातीने हात, मान, कानाच्या पाळ्या चिरल्या होत्या. शेतमजुरीची सवय हातांतून केव्हाच गेली होती. टोळीतली पोरं त्यांना मागून हाका मारायची आणि हा मामा माजोरी आहे, ओ देत नाही, असं समजायची.

माय घरी बॉबिन भरायची, मग तिच्याजवळ बसून त्यांनीही त्या भरायला घेतल्या. हे बायकांचं काम. रांगेतल्या पुरुषांपैकी कुणी ते करत नसे. पहिल्या दिवशी नानांनी दार लोटून घेतलं. नंतर लोटेनासे झाले. भरलेल्या बॉबिन मी सकाळी खात्यात नेत असे, आणि तिथून त्या हिरामणभाऊच्या धोट्यात जात. नानांच्या हातचं सूत नानांच्या मागांवर विणलं जात होतं. खात्याने त्यांना सोडलं नव्हतं, फक्त त्यांची मजुरी कमी केली होती. मला हे त्या वेळी नीट शब्दांत सांगता आलं नसतं.

सुरेश गुजराती शाळेत होता. नानांनीच घातलं होतं, इथे राहायचं तर इथली भाषा पाहिजे, म्हणून. ते बरोबरच होतं. पुढे त्याला नोकरी लागली ती त्याच भाषेवर. पण त्याचे मित्र घरी येऊ लागले, घरातही तो गुजरातीत बोलू लागला, आणि त्याचे ओठ नानांच्या ओळखीचे राहिले नाहीत. तो काही सांगे, नाना पाहत राहत, मग मायकडे वळत. माय तेच अहिराणीत सांगे. बापलेकांमध्ये माय दुभाषी झाली. एकदा नाना त्याच्या मित्रांशी कौतुकाने, मोठ्या आवाजात काही बोलायला गेले. मुलं हसली. सुरेश शरमेने लाल झाला. नानांना हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्यानंतर ते हळू बोलू लागले. आपण किती हळू बोलतो हेही त्यांना कळत नसे. होता होता ते इतकं हळू झालं की शेजारी बसलेल्याला कान पुढे करावा लागे. भजनात सगळ्यांच्या वर असणारा आवाज तसा विझला.

हिरामणभाऊने पुढे शेजारच्या रांगेत खोली घेतली. पण दर सुट्टीच्या दिवशी तो येई. नाना वाट पाहत बसलेले असत. दोघं ओट्यावर समोरासमोर बसत आणि हातांनी बोलत. काय बोलत, आम्हाला कळत नसे. मी थोडंफार खात्यात शिकले होते, पण त्या दोघांचे हात फार वेगाने चालत. कधी नाना खळखळून हसत. माय दारात उभी राहून पाही. लग्नाच्या बायकोला, पोटच्या मुलांना जी भाषा येत नाही ती आपल्या नवऱ्याची शेवटची भाषा उरावी, याचं तिला काय वाटत असेल? तिने कधी बोलून दाखवलं नाही. एकदा फक्त मला म्हणाली की तू शाळेत मुलांना सगळं शिकवतेस, हे कुठे शिकवतात का.

नाना काही वर्षांनी गेले. छातीचं दुखणं होतं, शेवटी शेवटी अन्न जात नव्हतं. हिवाळाच होता. सकाळी गेले. रांगेतली माणसं जमली, सुरेश गुजरातीत कुणाला काय आणायला सांगायचं ते सांगत होता. त्याचं लग्न ठरलं होतं. हिरामणभाऊ खात्यातून तसाच धावत आला, अंगावर सुताचे तुकडे होते. गर्दीतून पुढे आला आणि नानांच्या पायाशी नाही, डोक्याशीही नाही, बाजूला उभा राहिला, मागाजवळ उभं राहतात तसा. त्याने नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग उजवा तळहात स्वतःच्या छातीवर टेकवला, पुढे नेऊन नानांच्या हातावर ठेवला, आणि उचलून दाराच्या दिशेने वळवला. अगदी सावकाश, समोरच्याला नीट दिसावं म्हणून करतात तसं.

ती खूण मी कधी पाहिली नव्हती. मायनेही नाही. रडणं थांबवून तिने विचारलं, “काय सांगं रे तू त्यासले?”

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, “पाळी बदलनी, मामी. माग मना ताबामा उनात. तुम्ही जा आते.” पाळी संपली की नवा विणकर जुन्याला हेच सांगून माग आपल्याकडे घेतो.

माणसांनी नानांना उचलून नेलं. उन्हं उतरल्यावर सगळे परतले, दारात कडुनिंबाचा पाला चावून चूळ भरली, एकेक करून भिंतीला टेकून बसले. मायने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि हिरामण कुठे आहे म्हणून विचारलं. सुरेशने सांगितलं, तो नदीवरूनच परस्पर खात्यात गेला. दिवसपाळी अर्धी टाकून आला होता, रातपाळीत उभा राहून ती भरून देतो म्हणाला. नाहीतर माग दुसऱ्याला गेले असते.